कृष्णाकाठचे दोन पाळणे

सणाचे गाणे कोणी लिहिले, हे सणाच्या दिवशी कोणी विचारीत नाही. गणपतीपुढे हात जोडून आरती म्हणताना ‘ही समर्थांची रचना बरे का’ अशी आठवण ठेवणारा गृहस्थ निदान माझ्या पाहण्यात नाही. प्रत्येकाचे लक्ष पुढच्या कडव्यावर असते, आणि ते कडवे येत नसेल तर शेजाऱ्याच्या तोंडाकडे असते. लहान मुलांचे लक्ष कोठे असते ते सांगायला नकोच. मोदकांचे ताट काही फार लांब ठेवलेले नसते. तरीही आरती पुरी होते, सुरात-बेसुरात होते, आणि वर्षानुवर्षे होत राहते. मोठमोठ्या गवयांच्या चिजा लोक विसरतात, आरती विसरत नाहीत.

असे का होते, हा प्रश्न कित्येक दिवस मनात घोळत होता. २०२३ साली पंचांगानेच त्याचा माग काढायची संधी दिली. नाताळ इंग्रजी महिन्याने चालतो, २५ डिसेंबरला पक्का बांधलेला. दत्तजयंती चालते चंद्राच्या मताने, मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला. त्यामुळे दोघांची गाठ काही दर वर्षी पडत नाही. २०२४ साली दत्तजयंती १४ डिसेंबरलाच होऊन गेली. पण २०२३ साली नाताळ सोमवारी आणि दत्तजयंती लगेच मंगळवारी, अशी दोन्ही बाळे एकापाठोपाठ जन्माला यायची होती. दोघांचीही गाणी एका फेरीत ऐकायला मिळतील असा मुलूख कोणता? माझ्या डोळ्यांपुढे आला तो सांगली जिल्ह्यातला कृष्णाकाठ. मिरजेला जुनी ख्रिस्ती वस्ती, आणि तिथून आगगाडीच्या थोड्याशा प्रवासावर पलूस तालुका, औदुंबरचे दत्तस्थान ज्यात आहे तो.

हा बेत मी घरात जाहीर केला तेव्हा आमच्या सौ.ने चष्मा वर करून विचारले, “नाताळच्या सुट्टीत लोक गोव्याला जातात. तुम्ही मला पलूसला नेणार?”

“गोव्याला समुद्र आहे, पलूसला नदी आहे,” मी म्हणालो. “शिवाय या दिवसांत गोव्याला एका रात्रीचे जे भाडे पडते, त्यात आपले पलूस, औदुंबर आणि परतीचे तिकीट होऊन वर हुरडा खाता येईल.”

हा हिशेब तिला पटला. चोवीस तारखेला आम्ही मिरजेला उतरलो.

मिरज हे गाण्याचे गाव. इथल्या सतारमेकर गल्लीत गेली दीडशेहून अधिक वर्षे तंबोरे आणि सतारी घडत आहेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळके भोपळे दुकानांच्या आढ्याला टांगलेले असतात, आणि ज्या भोपळ्याला आपण भाजीसाठीही नाके मुरडू, तो इथे चार महिन्यांत षड्ज बोलू लागतो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले. अशा गावाचा नाताळही गाण्याचाच असणार.

मिरजेतली ख्रिस्ती वस्ती वाढली ती डॉ. विल्यम वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे काढलेल्या मिशन इस्पितळाच्या आसपास. चोवीसच्या रात्री आम्ही एका प्रार्थनामंदिरात मागच्या बाकावर जाऊन बसलो. कागदी चांदण्या, दिव्यांच्या माळा, नव्या कपड्यांचा वास, झोपेने पेंगुळलेली पण झोपायला तयार नसलेली मुले. आपल्याकडच्या गोकुळाष्टमीची आठवण यावी असा सारा थाट. पुढे एक पेटी, एक तबला, दोन झांजा आणि एका मुलीच्या हातात गिटार. गाणे सुरू झाले आणि सौ.ने माझ्याकडे चमकून पाहिले. चाल अभंगाची होती! डोळे मिटले असते तर एकादशीच्या भजनाला बसल्याचा भास झाला असता. फक्त विठूच्या जागी येशू होता.

ही गाणी कोणाची म्हणून मी शेजारच्या वृद्ध गृहस्थांना विचारले. “बरीचशी टिळकांची,” ते हळूच म्हणाले. “नारायण वामन टिळकांची. विलायती चाली आम्हालाही येतात हो. पण आमची आजी म्हणायची, ती चाल वर्षातून एकदा पाहुणी येते. ही चाल रोज जात्यावर बसते.”

रेव्हरंड टिळकांना आपण शाळेत भेटलेलो असतो, जखमी पक्षिणीवरच्या त्यांच्या त्या करुण कवितेतून. १८६१ साली कोकणात जन्मलेला हा ब्राह्मण कवी १८९५ साली ख्रिस्ती झाला, आणि त्यापुढची हकीकत लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. ठाऊक नसते ते एवढेच की, मराठी ख्रिस्ती मंडळींच्या तोंडी त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत. धर्म बदलला तरी आपण तुकारामाच्या पुलावरूनच ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना होती, आणि हा पूल त्यांनी मोडला नाही. भजन, अभंग, ओवी, कीर्तन ही सगळी आपली घरची भांडी घेऊन ते पलीकडे गेले. १९१७ साली ते साताऱ्याला येऊन राहिले, ‘देवाचा दरबार’ त्यांनी तिथेच भरवला. त्या वेळचा सातारा जिल्हा तासगाव-वाळव्यापर्यंत पसरलेला होता. दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ साली, आणि त्याचे नाव सांगली पडले १९६० साली. म्हणजे टिळक आले ते याच मुलखात. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करायचे म्हणून त्यांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले, पण १९१९ साली मृत्यूने त्यांना गाठले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी, जिला लग्नाच्या वेळी लिहिता-वाचता येत नव्हते त्या माउलीने.

तसा हा प्रयोग मराठीला नवा नव्हता. फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त येशूची सारी कथा अकरा हजारांच्या आसपास ओव्यांत सांगून टाकली होती. खुद्द ‘नाताळ’ हा शब्दही आपल्याला पोर्तुगीजांनी दिलेला. शब्द परका, पण एकदा ओवीत बसला की त्याला परका कोण म्हणणार?

भजने झाली आणि शेवटी बायका पुढे आल्या. त्यांनी बाळ येशूचा पाळणा म्हटला. त्यानंतर गिटारवाल्या मुलीने जगभर म्हणतात ते शांत रात्रीचे गीत मराठीत सुरू केले, आणि सगळ्यांनी ते उचलले.

या गीताची कथा मोठी गमतीची आहे, आणि पुढे औदुंबरला ती मला पुन्हा आठवणार होती, म्हणून इथेच सांगून ठेवतो. ऑस्ट्रियात साल्झाख नदीच्या काठी ओबर्नडॉर्फ नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथला तरुण धर्मोपदेशक योझेफ मोर याने १८१६ साली हे शब्द लिहिले होते. १८१८ सालच्या २४ डिसेंबरला ते कागद घेऊन तो शेजारच्या गावातल्या फ्रांत्स ग्रूबर या शाळामास्तराकडे गेला. मास्तरांनी चाल लावली, आणि त्याच रात्री दोघांनी गिटारीवर ते म्हटले. तिथून ते टायरॉलमधल्या गाणाऱ्या कुटुंबांबरोबर गावोगाव फिरले, समुद्रापार गेले, आणि इतके मोठे झाले की ते एखाद्या खेडवळ मास्तराने रचले असेल यावर कोणी विश्वास ठेवीना. कोणी म्हणे हायडनचे, कोणी म्हणे मोझार्टचे. १८५४ साली बर्लिनच्या राजदरबारातून चौकशी आली, तेव्हा म्हाताऱ्या ग्रूबरला लेखी निवेदन द्यावे लागले की, बाबांनो, चाल माझी आहे. मोरच्या हातची प्रत सापडली ती थेट १९९५ साली. तोवर गाणे मात्र कोणाच्या सहीशिक्क्यासाठी थांबले नाही. आज ते तीनशेहून अधिक भाषांत म्हणतात.

पाश्चात्त्य नाताळगीतांचे सगळेच असे आहे. आपल्या इंग्रजी शाळांतली पोरे टाळ्या वाजवीत म्हणतात ते घंटांचे ‘जिंगल बेल्स’ घ्या. जेम्स पियरपाँटने ते १८५७ साली छापले. आहे ते बर्फावरच्या घोड्याच्या घसरगाडीवर, आणि त्यात नाताळाचे नावही नाही! ‘व्हाइट ख्रिसमस’ हे बिंग क्रॉस्बीने १९४२ साली लोकप्रिय केलेले गीत, ज्याच्या तबकड्या पाच कोटींहून अधिक खपल्याचे सांगतात, ते लिहिले आयर्व्हिंग बर्लिन या ज्यू गृहस्थाने. पण लोकांनी ही गाणी एकदा सणाला नेमून दिली, की ती सणाचीच झाली. कोणी केले, कशासाठी केले, हे मागे राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुण्याच्या बाजूची गाडी धरली. सांगली, नांद्रे, भिलवडी अशी स्टेशने मागे पडू लागली. डिसेंबरातल्या या पट्ट्याचे रूप काय वर्णावे! दोन्ही बाजूंना ऊस. कुठे उभा, कुठे तुटत असलेला. मोळ्यांनी लादलेले ट्रॅक्टर डुलत डुलत कारखान्याकडे चाललेले. आणि मधूनच द्राक्षांचे मांडव, हिरव्या घोसांनी भरत आलेले. सकाळच्या थंडीत त्या मांडवांवर धुक्याची एक पातळ चादर असते.

किर्लोस्करवाडीला आम्ही उतरलो. एके काळी या स्टेशनाचे नाव होते कुंडल रोड, आणि भोवती होता निवडुंगाने भरलेला माळ. औंधच्या पंतप्रतिनिधींनी तो दिला, आणि १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे नांगरांचा कारखाना उभा केला. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही मासिके ज्या माळावरून घरोघर गेली तो हाच माळ. दिवाळी अंक हाती घेऊन बसलेल्या मराठी वाचकाने इथे उतरल्यावर मनातल्या मनात एक नमस्कार करावा, इतके ऋण या गावाचे आहेच.

तिथून काही मैलांवर पलूस. तालुक्याचे गाव, धोंडीराज महाराजांचे देऊळ, द्राक्षबागायतदारांची लगबग, औषधांची आणि ठिबकच्या नळ्यांची दुकाने. वरवर पाहता गाण्याशी या गावाचा काही संबंध आहे असे कोणाला वाटणार नाही. पण हिंदुस्थानच्या संगीतात जे नाव पलूसमुळे अजरामर झाले ते साऱ्या देशाला पाठ आहे: पलुसकर! पंडित विष्णु दिगंबरांचे घराणे मूळचे गाडगीळ. पलूसचे म्हणून पलुसकर झाले. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते, आणि विष्णूचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडला झाला.

आता योग पाहा. या विष्णूच्या आयुष्याला वळण मिळाले ते दत्तजयंतीलाच. कुरुंदवाडजवळ नरसोबाच्या वाडीला उत्सव चालला होता, शोभेची दारू उडत होती. एक फटाका मुलाच्या तोंडाजवळ फुटला आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेली. उपचारासाठी त्याला मिरजेला आणले. डोळे काही पूर्ववत होईनात. शाळा संपल्यातच जमा होती. तेव्हा उपचार करणाऱ्या डॉ. भडभड्यांनीच सल्ला दिला की, मुलाचा गळा चांगला आहे, त्याला गाणे शिकवा. अशा रीतीने तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या पायाशी जाऊन बसला.

पुढची हकीकत प्रसिद्ध आहे. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गाणे तोवर होते संस्थानिकांच्या दिवाणखान्यात, नाही तर बैठकीत. प्रतिष्ठित घरातल्या माणसाने ते उंबऱ्याबाहेर उभे राहून ऐकावे अशी स्थिती. पलुसकरांनी ते शाळेत आणले, तिकीट लावून थिएटरात आणले, आणि भजनाच्या वाटेने रस्त्यावर आणले. ‘रघुपति राघव राजाराम’ ही रामधून त्यांच्या चालीने देशभर गेली. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या आश्रमात संगीत शिकवीत, आणि १९३० साली दांडीयात्रेत ते चालत होते. ज्या माणसाला पायाखालचा रस्ता नीट दिसत नव्हता, त्याचे गाणे म्हणत एक देश रस्त्याने निघाला!

नाताळशीही पलुसकरांचा एक संबंध आहे. काँग्रेसची अधिवेशने पूर्वी नाताळच्या सुट्टीत भरत. वकील मंडळींना तेव्हाच मोकळीक असे. १९२३ साली डिसेंबरच्या अखेरीला काकिनाड्याला असेच अधिवेशन भरले असता अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी व्यासपीठावरच्या संगीताला हरकत घेतली. पलुसकर थांबले नाहीत. त्यांनी ‘वंदे मातरम्’ पुरे म्हटले. आपला तो नाताळही असा गाण्याने गाजलेला आहे.

पंचवीस तारखेला संध्याकाळी पलूसच्या बाजारातून चाललो होतो. एका बेकरीपुढे लाल टोपी घातलेले एक पोर उभे होते आणि आतून घंटांचे गाणे वाजत होते. केक घ्यायला रांग होती. रांगेतल्या बहुतेकांचा ख्रिस्ताशी परिचय केकापुरताच असावा. पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी लहानशा दत्तमंदिरावर रोषणाई चढत होती, आणि कर्ण्यातून आर. एन. पराडकरांचा तो परिचित आवाज येत होता: ‘दत्त दिगंबर दैवत माझे’. घसरगाडीचा घोडा आणि दत्तगुरूंच्या गाई एकाच चौकात भेटत होत्या.

कर्ण्याची तार जोडणाऱ्या तरुणाला मी विचारले, “काय हो, हे गाणे कोणाचे?”

“पराडकरांचं की,” तो म्हणाला.

“म्हटले पराडकरांनी. लिहिले कोणी?”

त्याने तारेवर चिकटपट्टी गुंडाळता गुंडाळता विचार केला. “ते काय, जुनंच आसंल. पारंपरिक.”

मला मनातून हसू आले. कारण ते लिहिणारे कवी त्या चौकापासून फार तर दोन-चार कोसांवर उभे आयुष्य राहून गेले होते. पण त्यांच्याकडे पुढे येतो.

मंगळवारी संध्याकाळी त्याच मंदिरात गेलो. दत्ताचा जन्म सायंकाळचा. तिन्ही देव अनसूयेची परीक्षा घ्यायला आले आणि तिने त्यांची बाळे करून पाळण्यात घातली, ही कथा लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकली आहे. जगाचा सांभाळ करणाऱ्यांना एका बाईने जोजवले, यातच त्या कथेची सारी गोडी. मंदिरात दाटी झाली होती. फुलांनी मढवलेला लाकडी पाळणा, त्याला रेशमी दोरी, सुंठवड्याचा वास. कर्ण्यावर गाणी चालूच होती. जन्माची वेळ जवळ आली तसा कालचाच तरुण पाळण्याची तबकडी लावायच्या तयारीने पुढे झाला.

तेवढ्यात दोरीपाशी बसलेल्या एका आजींनी हात वर केला. “आरं बाबा, बंद कर ते. पाळणा मशिनीनं म्हणत्यात व्हय?”

“आजी, लई ग्वाड हाय बघा ह्यो. मुंबईचा हाय.”

“आसंल. पर दोरी कोन वढनार? मुंबई?”

मंडपात हशा पिकला. कर्णा बंद झाला. आजींनी गळा साफ केला आणि पाळणा सुरू केला. आवाज थरथरत होता, तिसऱ्या कडव्याला श्वास पुरेना. पण दुसऱ्या बायकांनी तो तिथून उचलला. एकीचे राहिले ते दुसरीने पुरे केले. एका लेकुरवाळीने आमच्या सौ.कडे वळून म्हटले, “म्हना की ताई तुमीबी.” आणि काय आश्चर्य, घरी कधी गुणगुणतानाही न ऐकलेल्या आमच्या सौ.ने चक्क पुढची दोन कडवी खड्या आवाजात म्हटली! तिच्या आजोळी दत्तजयंती होत असे, हे लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर मला पलूसला कळले.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या मंदिरात मिळाले. मिरजेला ऐकला तोही पाळणा, इथे ऐकला तोही पाळणा, आणि ते ऑस्ट्रियातले शांत रात्रीचे गीत म्हणजे तरी दुसरे काय? बाळाला झोपवायचेच गाणे. सणाचे गाणे टिकते ते चालीमुळे नव्हे, शब्दांमुळे तर नव्हेच. ते टिकते कारण ते म्हणावे लागते. पाळणा हा ऐकायचा प्रकार नाही. तो म्हणता म्हणता हाताने दोरी ओढायची असते. ज्या दिवशी आपण म्हणायचे सोडून नुसते ऐकू लागू, त्या दिवशी गाणे उरेल, पाळणा उरणार नाही. कर्ण्याचा आवाज गोड आहे यात शंका नाही, आणि पराडकरांचे गाणे ऐकून कोणाचे मन भरून येणार नाही? पण त्या आजींच्या वयाच्या बायका गल्लीत आता किती असतील, आणि त्यांच्या मागे पाळण्याची सगळी कडवी येणाऱ्या किती, हा हिशेब मनात आला आणि सुंठवडा तोंडात असूनही तोंड किंचित कडू झाले.

सत्तावीसला आम्ही औदुंबरला गेलो. वाटेत भिलवडी लागते. चितळ्यांच्या दूधव्यवसायाची सुरुवात १९३९ साली झाली ती इथे. तेव्हा घाटावर जाण्यापूर्वी चहा घ्यायला हरकत नाही. भिलवडीच्या बाजूला भुवनेश्वरीचे देऊळ, पलीकडच्या तीरावर औदुंबर. मधून कृष्णा, हिवाळ्यात अगदी समजूतदार, हिरवट आणि संथ.

गुरुचरित्राच्या सतराव्या अध्यायातली कथा इथलीच. करवीरचा एक मंदबुद्धी मुलगा, लोकांच्या टवाळीला कंटाळून भुवनेश्वरीपाशी आला. देवी प्रसन्न होईना, तेव्हा त्याने आपली जीभ कापून तिला वाहिली. देवीने त्याला सांगितले, पलीकडे औदुंबरातळी एक यती आहे, त्याच्याकडे जा. मुलगा नदी ओलांडून नृसिंहसरस्वतींच्या पाया पडला, आणि त्याला वाचाही मिळाली, विद्याही मिळाली. नृसिंहसरस्वती इथे एक चातुर्मास राहिले आणि पुढे नरसोबाच्या वाडीला गेले. मागे विमल पादुका राहिल्या. घाटाच्या पायऱ्या, उंबरांची दाट सावली, पाण्यावर हलणारे कवडसे, हे सगळे पाहताना वाटते, मुक्याला बोलते करायची ही जागा खरी.

या जागेनेच एका कवीला बोलते केले. हणमंत नरहर जोशी, म्हणजे कवी सुधांशु, १९१७ साली औदुंबरला जन्मले आणि औदुंबरचेच होऊन राहिले. ‘दत्त दिगंबर दैवत माझे’ हे शब्द त्यांचे. सुमन कल्याणपूरांनी गाइलेले ‘देव माझा विठू सावळा’ हेही त्यांचेच. म्हणजे मार्गशीर्षात एक आणि आषाढात एक, अशी दोन गाणी या एका लहानशा गावाने महाराष्ट्राच्या दोन सणांना नेमून दिली आहेत. सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २००६ साली ते गेले. कवितेच्या ओढीने त्यांनी दर संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन भरवायला सुरुवात केली, ते सदानंद साहित्य संमेलन अजून भरते. मोठमोठे लेखक नदीकाठी येऊन बसतात, आणि खेड्यातली मंडळी तिळगुळाबरोबर कविता घेऊन घरी जातात.

पुजाऱ्यांशी बोलताना पुराचा विषय निघाला. तो या गावात निघाल्याशिवाय राहत नाही. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही साली कृष्णा घरांत शिरली. २०१९ च्या ऑगस्टात याच तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना सोडवून नेणारी नाव उलटली आणि माणसे गेली. देऊळ तर पाण्याखाली जातेच.

“मग त्या दिवसांत आरती?” सौ.ने विचारले.

“ती चुकत न्हाई, ताई,” पुजारी म्हणाले. “पाणी चढंल तसं आमी वर सरकतो. देवाला घिऊन.”

मला ओबर्नडॉर्फ आठवले ते इथे. ज्या देवळात ते शांत रात्रीचे गीत प्रथम म्हटले गेले, ते साल्झाखच्या पुरांनी खिळखिळे केले. गावच नदीपासून दूर हलवले गेले आणि पुढे ते देऊळ पाडावे लागले. आज त्या जागी एक लहान स्मारकमंदिर आहे, १९३७ साली पुरे झालेले. देऊळ राहिले नाही, गीत राहिले. मोर-ग्रूबरांना लोक जसे विसरले, तसे पलूसच्या त्या तरुणाने सुधांशूंना ‘पारंपरिक’ करून टाकले. पण कवीला याहून मोठी पदवी ती कोणती द्यायची? आपले शब्द लोकांना स्वतःचे वाटावेत, यासाठीच तर तो लिहितो. आपले काम एवढेच की नावही थोडे जपावे आणि गाणेही म्हणत राहावे. नाव विसरले तर १९९५ साली कोणाला तरी कागद सापडतो. म्हणायचे विसरले तर मात्र सापडायला काही उरत नाही.

आता ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. पुणे-मिरज मार्गावर किर्लोस्करवाडी किंवा भिलवडीला उतरावे. डिसेंबर-जानेवारी हा उत्तम काळ. पहाटे थंडी बोचते, तेव्हा शाल बरोबर ठेवावी. दत्तजयंतीला औदुंबरला गर्दी फार, म्हणून लहान मुले असतील तर एखादा दिवस आधी किंवा नंतर जावे. कवितेची आवड असेल तर संक्रांत साधावी. द्राक्षे हवी असतील तर फेब्रुवारीपर्यंत दम धरावा. आणि कुठल्याही गावात, कुठल्याही देवाचा पाळणा चालला असेल, तर मागे उभे राहून फोनवर त्याचे चित्रण करीत बसू नये. पुढे सरकावे, दोरीला हात लावावा, आणि येत असेल तेवढे कडवे मोठ्याने म्हणावे. न आले तर शेजारची बाई पुरे करते.